कडूबाची फेरी

डोणगावच्या समाजमंदिरात साठीवरच्या माणसांची तपासणी होती. आरोग्य केंद्रातल्या अनुपमा सिस्टरांनी हिंमतरावांच्या बोटाला सुई टोचली, मशीनकडे पाहिलं आणि दुसऱ्या बोटाला पुन्हा टोचली.

"काऊन? मशीन बिघडली काय?" हिंमतरावांनी विचारलं.

"मशीन चांगली आहे, काका. उपाशीपोटी साखर दोनशे बारा आली. बीपीही वाढलाय. गोळ्या घेता ना?"

"घेतो ना. आठवण आली का घेतो."

मागच्या खुर्चीवर कोणीतरी खुदकन हसलं. कडूबा होता. गल्लोगल्ली हातगाडीवर भाजी विकणारा, हाडकुळा, एकाहत्तर वर्षांचा, म्हणजे हिंमतरावांपेक्षा सात वर्षांनी मोठा. त्याचं बोट टोचेपर्यंत हिंमतराव मुद्दाम तिथेच रेंगाळले. साखर चौऱ्याण्णव. बीपी तर शाळेतल्या पोराचा असावा तसा.

"तुम्हाला काहीच नाही, बाबा. जा घरी," सिस्टर म्हणाल्या.

हिंमतरावांना राग आला. नेमका कोणाचा, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांचं पंचवीस एकर वावर होतं. गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यांनी ते मक्त्यानं कसायला दिलं आणि त्या दिवसापासून ते जे बसले ते बसलेच. सकाळी ओसरीत खुर्ची, दुपारी टीव्हीसमोर दिवाण, संध्याकाळी परत खुर्ची. दोनशे पावलांवरच्या दुकानात जायलाही मोटारसायकल. मुलगा हरिओम, सून आणि लहानगी नात पुण्याला. कोणाच्या घरी सहज जाऊन बसायची त्यांना सवयच नव्हती. लोक त्यांच्याकडे यायचे, ते कामासाठी. काम सरलं तसं येणंही सरलं. बायकोला, मंजुळाबाईंना, भजनी मंडळ होतं, शेजारणी होत्या. हिंमतरावांना टीव्ही होता.

"थो कडूबा काहीतरी खाते," घरी आल्यावर ते म्हणाले.

"काय खाते?"

"तेच पाहाचं हाय. जडीबुटी असंन. ज्ञानगंगेच्या जंगलातून आणत असंन."

"त्याले मेथी तोडाले टाइम भेटत नाही, जंगलात कधी जाईन थो?" मंजुळाबाई म्हणाल्या. पण हिंमतरावांच्या डोक्यातून ते गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कडूबाची गाडी दारासमोर आली तसे ते खाली उतरले. "कडूबा, खरं सांग. काय घेतं तू?"

कडूबानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "घेतो ना, पाटील. पण असं रस्त्यात सांगाचं नसते. आठ दिवस माह्यासंग फिरा, मंग सांगतो."

त्यानं थट्टा केली होती. पण सकाळी सहाला तो आपल्या छोट्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत असताना बांधावर हिंमतराव उभे! पायात नवे कोरे कॅनव्हासचे बूट.

फेरी अडीच तासांची. पहिल्या दिवशी तिसऱ्याच गल्लीत हिंमतराव कोणाच्या तरी ओट्यावर टेकले. बसल्या बसल्या त्यांनी कडूबावर नजर ठेवली, पण तो खिशातून काही काढून तोंडात टाकताना दिसला नाही. तो नुसता बोलायचा. पुढच्या दारातल्या म्हाताऱ्या चांगुणाबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्या जुडी नाकाजवळ नेऊन निवडायच्या, आणि तेवढ्या वेळात कडूबा त्यांना गावाची बातमी द्यायचा. कोणाची गाय व्याली, कोणाची सून माहेरून आली, मेहकरची गाडी आज किती उशिरा गेली. पुढे गणेशच्या कटिंगच्या दुकानात अर्धा कप चहा. शाळेमागे अर्धा. पिठाच्या गिरणीत पुन्हा अर्धा.

"साखरेचा चहा पेतं तू?" हिंमतराव जवळजवळ ओरडले.

"अर्धाच कप हाय, पाटील."

"तीन अर्धे झाले!"

"मंग तुमी मोजा. मी पेतो."

चौथ्या दिवशी हिंमतराव गिरणीपर्यंत न बसता पोचले. सहाव्या दिवशी चांगुणाबाईंनी त्यांना विचारलं, "पाटील, तुमची नात आता बोलते काय हो?" या गावात त्यांच्या नातीची चौकशी कोणी केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. "बोलते ना! उद्या फोनवरचा आवाज ऐकवतो तुमाले," ते बोलून गेले. पण दुसऱ्या दिवशी फोन घरीच राहिला.

आठव्या दिवशी फेरी संपल्यावर त्यांनी गाडीचा दांडा धरला. "आता सांग."

कडूबानं मान खाजवली. "काय सांगू? मले वाटलं तुमी दुसऱ्याच दिवशी पळसान. काही घेत नाही मी, पाटील. भाजी इकतो, बस."

हिंमतराव तडक घरी गेले. "आठ दिवस येड्यावानी फिरवलं मले!" म्हणत त्यांनी बूट कोपऱ्यात भिरकावले. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीतून हलले नाहीत. दारावरून कडूबाची आरोळी गेली, तेव्हा त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

मग त्यांना चांगुणाबाई आठवल्या. आवाज ऐकवायचा राहिलाच होता. बाई वाट पाहत असतील. पाच मिनिटं ते तसेच बसले आणि मग उठून बूट शोधू लागले.

"कुठी चालले?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"शब्द देल्ला हाय एकीले."

"एकीले?" मंजुळाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

गल्लीच्या टोकाला त्यांनी गाडी गाठली. कडूबानं एक हात दांड्यावरून बाजूला घेऊन त्यांना जागा करून दिली. त्या दिवशी चांगुणाबाईंनी नातीचं "आजोबा, तुमी कधी येता?" तीनदा ऐकलं, आणि तिसऱ्या वेळी शेजारच्या दोघीजणीही ऐकायला येऊन उभ्या राहिल्या.

अशा रोजच्या फेऱ्यांच्या सहा आठवड्यांनी पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला.

आणि एका सकाळी मळ्यात पाटाच्या चिखलात कडूबाचा पाय घसरला. घोट्याचं हाड मोडलं, मेहकरला नेऊन प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी हिंमतराव मळ्यात आले तर कडूबाची बायको गोजरबाई एकटीच मेथीच्या ढिगाजवळ बसली होती.

"तोडून त बसली हो मी. पण इकन कोण? म्हशीले टाकतो आता."

हिंमतरावांनी ढिगाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. पंचवीस एकरांचा मालक. त्यांचे वडील भाजीच्या गाडीजवळ कधी उभेही राहिले नव्हते. "भरा गाडी," ते म्हणाले.

गाडी ढकलणं सोपं होतं, आरोळी निघेना. पहिल्या गल्लीत ते नुसते खाकरत गेले. बायका दारात येऊन पाहायच्या, आणि भाजी घ्यायची की नमस्कार करायचा हे न कळून आत जायच्या. स्वतःच्या घरासमोर आल्यावर तर त्यांनी चाल वाढवली. तेवढ्यात मंजुळाबाई परात घेऊन बाहेर आल्या आणि ओळखपाळख नसल्यासारख्या मोठ्यानं म्हणाल्या, "ओ भाजीवाले! मेथी कशी देल्ली?"

समोरच्या घरातलं कोणीतरी फिस्सकन हसलं. हिंमतरावही हसले, आणि त्या हसण्याबरोबरच घसा मोकळा झाला. "मेथी घ्याऽऽ! ताजी मेऽऽथी!" असा आवाज निघाला की गणेश वस्तरा हातात घेऊन दुकानाबाहेर आला.

प्रत्येक दारात एकच प्रश्न. "कडूबा काऊन नाही आले?" हिंमतराव सांगत गेले.

दुपारी ते कडूबाकडे गेले तेव्हा दारात चपला ठेवायला जागा नव्हती. गणेश खाटेशेजारी बसून कडूबाची दाढी करत होता. चांगुणाबाई शेजारच्या मुलीचा हात धरून आल्या होत्या. कोणी डबा आणला होता, कोणी डिंकाचे लाडू. गोजरबाई चहा करून करून थकली होती आणि तरी तोंडभर हसत होती.

हिंमतराव उंबऱ्याशीच थांबले. दोन वर्षांपूर्वी त्यांना डेंग्यू झाला होता. आठ दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले, तेव्हा या दारासमोर होत्या तशा चपला त्यांच्या दारासमोर नव्हत्या. तेव्हा त्यांनी सगळ्या गावाला नावं ठेवली होती. पण गावातल्या कोणाचा ताप त्यांनी तरी कधी विचारला होता?

"या ना, पाटील," कडूबा साबणाच्या फेसातून म्हणाला.

"पाटील नोका म्हणू, भाऊ," हिंमतराव खाली सतरंजीवर बसत म्हणाले. "पाय कसा हाय तुमचा?"

कडूबाला त्यांनी पहिल्यांदाच 'तुमचा' म्हटलं होतं. कडूबा एवढा दचकला की गणेशला वस्तरा मागे घ्यावा लागला.

आठवडाभरानं पुण्याहून हरिओमचा फोन आला. कोणीतरी व्हिडिओ पाठवला होता. "बाबा, तुम्ही गाडीवर भाजी विकताय? लोक काय म्हणतील?"

"लोकं म्हणून राह्यले, मेथी चांगली हाय, पण वांगे लवकर संपतात."

पलीकडे हरिओम हसायला लागला, आणि कितीतरी दिवसांनी दोघं तब्येतीचा विषय सोडून अर्धा तास बोलले.

पौषात पुन्हा तपासणी झाली. साखर एकशे चौतीस. अनुपमा सिस्टरांनी याही वेळी दोनदा टोचलं.

"गोळ्या सोडल्या नाहीत ना?"

"कुठी सोडतो! बायको हातावर ठेवते. गिळल्याबिगर बूट घालू देत नाही."

"सोडूही नका. कमी करायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील. पण काका, बाकी काय बदललं?"

हिंमतराव सांगू लागले. आधी चालण्याचं सांगितलं, मग गल्ल्यांचं, मग गिरणीवाल्याच्या मुलीच्या लग्नाचं, चांगुणाबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बुलढाण्याला कधी जायचं त्याचं. मागची रांग चुळबुळ करू लागली. "काका, बाकीचं उद्या दारात सांगा. आमच्याकडे पण आणा भाजी," सिस्टर म्हणाल्या.

कडूबाचं प्लास्टर निघालं, पण पाय अजून थोडा ओढत होता. आता गाडी हिंमतराव ढकलतात, आरोळी कडूबा देतो, आणि फेरीला अडीचऐवजी तीन तास लागतात. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी गाडीवर तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या. गणेशच्या दुकानापर्यंत पोचेस्तोवर निम्म्या खपल्या. त्यातल्या मूठभर दोघांनी वाटेतच सोलून खाल्ल्या होत्या.