हरिश्चंद्ररावांचं जुनं स्कॅन

डॉक्टरांनी अनसूयाबाईंना एकच काम सांगितलं होतं. काही वर्षांपूर्वी हरिश्चंद्ररावांच्या डोक्यातली गाठ काढली, त्यानंतर केलेलं स्कॅन उद्या घेऊन यायचं. हरिश्चंद्ररावांना पुन्हा चक्कर येऊ लागली होती. नव्या स्कॅनमध्ये एक ठिपका दिसत होता. तो जुना व्रण आहे की गाठ परत आलीय, हे दोन्ही स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येणार नव्हतं.

जुनं सेंटर कधीच बंद पडलं होतं. सीडीही चालत नव्हती. पण त्यांच्या मुलाने, निहारने, ते सगळं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं. निहार सध्या जहाजावर होता, फोन लागत नव्हता.

दुपारी नवरा आत आडवा झाला होता. पेनड्राइव्हवर घेण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून अनसूयाबाईंनी फाइल उघडली. आदल्या दिवशी कॉम्प्युटर अपडेट झाला होता. त्याने कधी नव्हे ते विचारलं, ही कशात उघडू? त्यांनी समोर दिसलं ते पहिलं नाव निवडलं आणि 'नेहमी' वर क्लिक केलं.

स्क्रीनभर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि अर्थ नसलेली अक्षरं पसरली. त्यांनी घाईघाईने ते बंद केलं. बघतात तर फोल्डरमधल्या सगळ्या फायलींची चित्रं बदलून कोरे कागद झाले होते. एकही सुटली नव्हती.

त्यांनी आणखी दोन फायली उघडून पाहिल्या, पुन्हा तीच अक्षरं. आपण पुसलं. यांचं डोकंच आपण पुसून टाकलं.

इंटरनेटवर मदतीचा म्हणून जो नंबर पहिला दिसला, तो त्यांनी लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता.

"मॅडम, बहुत खतरनाक व्हायरस है. आप कुछ छूना मत. हर मिनट फाइल जल रही है."

त्याने सांगितलं तसं त्यांनी एक अ‍ॅप घेतलं, दिसलेला आकडा वाचून दाखवला. आणि मग माउसवर हात नसताना स्क्रीनवरचा बाण हलू लागला. तो सावकाश त्यांच्या फोल्डरवर फिरला, बाहेर आला, निहारच्या फोटोंवरून गेला. आपल्या घरात कुणीतरी अनोळखी माणूस शिरून कपाटं उघडतोय असं त्यांना वाटलं.

"अब बैंक का पेज खोलिए, मॅडम. फोन काटना मत, नहीं तो सब डिलीट."

बाण फोल्डरवर येऊन थांबला होता. फोन ठेवला तर हा फायली घालवणार, नाही ठेवला तर बँक. अनसूयाबाई खाली वाकल्या आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. स्क्रीन काळी झाली. फोनमधला आवाज आता शिव्या देत होता. त्यांनी फोन बंद केला आणि पदराने डोळे पुसले.

"कुणाचा फोन होता?"

हरिश्चंद्रराव भिंतीला धरून दारात उभे होते. चेहरा पांढरा पडला होता.

"काही नाही हो."

"डॉक्टरांचा होता ना? रडतेयस तू. मला सांगत नाहीयेस. काय निघालंय?"

मग त्यांना सगळं सांगावंच लागलं. ते खुर्चीत बसले. "दिव्याला बोलाव," एवढंच म्हणाले.

वरच्या मजल्यावरची दिव्या घरून अकाउंट्सचं काम करायची. आल्या आल्या तिने आधी नेटची वायर काढली, मग कॉम्प्युटर चालू केला. त्या माणसाचं अ‍ॅप काढून टाकलं. अनसूयाबाई तिच्या खांद्याआडून बघत होत्या. बाण हलला की दचकत होत्या.

"काकू, मीच हलवतेय."

फोल्डर होता. फायलीही होत्या, त्याच कोऱ्या कागदांच्या.

"या गेल्या नाहीत," दिव्या म्हणाली. "स्कॅन बघायचा प्रोग्रॅम वेगळा असतो. तुम्ही लिहायच्या प्रोग्रॅमला सांगितलंत उघड म्हणून. तो बिचारा चित्राला अक्षरं समजून वाचतोय."

तिने फाइलवर उजवं बटण दाबलं, 'ओपन विथ' मधून निहारने टाकलेला जुना प्रोग्रॅम शोधला, पुन्हा 'नेहमी' वर क्लिक केलं. कोरे कागद एकदम गेले. फाइल उघडली आणि काळ्या पडद्यावर राखाडी कवटी उमटली.

"हे माझं?" हरिश्चंद्रराव म्हणाले. त्या पांढुरक्या वळणांत ठिपका आहे की नाही, हे तिघांपैकी कुणालाच कळत नव्हतं.

दिव्याने पेनड्राइव्ह भरून दिला, स्वतःच्या कॉम्प्युटरवर लावून तपासला, बँकेला फोन करायला लावून पासवर्ड बदलून घेतले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी लावले. ते मोजत होते तोवर अनसूयाबाईंनी नवऱ्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

"तिथेच आहे, तेवढाच आहे," डॉक्टर म्हणाले. "जुना व्रण. चक्कर कानामुळे असेल, तो तपासू."

बाहेर आल्यावर हरिश्चंद्रराव म्हणाले, "मनगट सोड आता. दुखतंय."

अनसूयाबाईंनी ते रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.