पाहुण्यांना मज्जाव

एंटरच्या बटणावर केळीच्या वेफरचा एक कण चिकटला होता, आणि तो नखानं काढावा की बटणाबरोबर चिरडू द्यावा, या प्रश्नावर लीलाधर बिऱ्हाडे पंधरा मिनिटं बसून होते — प्रश्न वेफरचा नव्हता, पण मान वर केली की पडद्यावरची ती ओळ दिसे: पाहुणे — मज्जाव. नेटवर्कच्या राखणीला बसवलेल्या डब्याला इंग्रजीच कळे. मज्जाव हे भाषांतर लीलाधरांचं, ऑफिसच्या सवयीनं केलेलं.

चूक त्यांचीच. जळगावच्या या कॉलेजात नव्याण्णव साली फायरवॉल नावाचा डबा बसवून पुण्याचा इंजिनियर सांगून गेला होता, की नेटवर्कला पासष्ट हजारांवर दारं असतात, प्रत्येकाला नंबर असतो. एकेका दारासाठी नियम लिहीत बसू नका, सारख्या दारांचा गट करा, गटाला नाव द्या, नियम नावाला लावा. एकोणीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला हे काय अवघड. पत्रांची दारं 'टपाल', वेबसाइटची 'वाचनालय'. उरली गप्पांची, म्हणजे चॅटची, दहा दारं, सहा हजार सहाशे साठ ते एकोणसत्तर, जिथून कुठले कुठले लोक येत आणि मुलांपाशी तासन्‌तास ठाण मांडत... त्यांना 'पाहुणे' हे नाव आपसूक पडलं. ही दारं पाचच्या आत बंद, नाहीतर उद्यापासून पुन्हा आवक-जावकच्या टेबलावर, असा प्राचार्यांचा हुकूम होता.

आणि बोट खाली जाईना.

पाहुण्याला नाही म्हणायचं — खानदेशात? बायकोचा, बेबाबाईचा, भाऊ छगन जामनेरहून दोन दिवसांसाठी आला, त्याला आज चौथा सोमवार. आपण काही म्हटलं का? सकाळी फक्त, सहज, जामनेरची एस्टी आता तासातासाला सुटते म्हणे, एवढंच मी बोललो... तर चहात पाव बुडवत छगन म्हणाला, "हो ना दाजी, मग घाई कसली?"

लॅब झाडायला आलेल्या मंदाबाईंनी काय अडलं म्हणून विचारलं. लीलाधरांनी सगळं सांगितलं. दारं, गट, नाव, हुकूम. मंदाबाई झाडूवर रेलून विचारात पडल्या.

"पाव्हनासले नही म्हनतस व्हय, भाऊ? नाव तरी बदला."

नाव बदलायचं. 'उपद्रव' लिहिलं, पण त्या दहा दारांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? 'अनोळखी' लिहिलं... अनोळखी माणसाला तर आपण आधी पाणी विचारतो. पाचला सात मिनिटं उरली. मग बोटांनी विचारल्याशिवायच काहीतरी टाइप केलं, आणि एंटर इतकं अलगद दाबलं गेलं की वेफरचा कण मोडलेला तेवढा ऐकू आला.

छगन — मज्जाव.

"गेलं रे," मागे चॅट करत बसलेल्या मुलांपैकी कुणीतरी म्हणालं. खुर्च्या सरकल्या. मुलं निघून गेली, आणि लॅबमध्ये पंख्याशिवाय काही हलेना.

पाच वाजता प्राचार्यांनी नियमांची छापील यादी चष्मा लावून वाचली.

"छगन कोण?"

"पाहुणे, सर."

प्राचार्यांनी सहीसाठी पेन काढलं. "असं बंद करता येतं?" त्यांनी अगदी हळू विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता सही करून गेले.

आवक-जावकचं टेबल टळलं होतं, म्हणजे टळलंच होतं. लीलाधरांनी यादी घडी घालायला उचलली, तर खाली एक ओळ होती, त्यांनी न लिहिलेली, डब्यानं स्वतःहून घातलेली: वर ज्यांचं नाव नाही, ते सगळे बंद. छगनला निदान नाव तरी आहे... आणि बेबाबाईची यादी कशी असेल? आपण ओट्यावर पाऊल टाकलं की बहीणभावाचं बोलणं थांबतं — आदरानंच थांबत असेल — मग छगन लगबगीनं उठतो, खाट मोकळी करतो, "बसा ना दाजी, दमून आले असाल," म्हणतो. आणि खाट माझी, तरी मी म्हणतो, असू द्या, असू द्या, आणि सतरंजीच्या कडेला टेकतो. बेबाबाई पाणी आणते. पाण्याबरोबर गूळसुद्धा आणते.

निघायची वेळ झाली होती. पण पायांत चप्पल अडकवून ते टेलिफोनपाशीच रेंगाळले, कारण आपण येतोय हे घरी आधी कळवलेलं बरं, असं त्यांना आज पहिल्यांदाच वाटत होतं.