चक्रव्यूहाची थाळी

अमरावतीच्या आसपासच्या गावांत मनकर्णाबाईचा हात ठाऊक होता. ती सुईण. बाई अडली, कळा येऊन थांबल्या, की माणसं तिच्या दारी धावत. ती काशाची थाळी मागायची, ओल्या हळदीत बोट बुडवायची आणि थाळीत चक्रव्यूह काढायची. आधी मधोमध अधिकचं चिन्ह. मग त्याच्या चार खणांत चार कोन आणि चार ठिपके. मग एकेक टोक वळसा घालून दुसऱ्याला जोडत जायचं.

बघणाऱ्याला वाटावं, केवढा हा गुंता! पण तो गुंता नव्हे. भूलभुलैयात वाटा फुटतात आणि माणूस चुकतो. इथं वाट एकच असते. ती मध्याजवळ नेते, पुन्हा लांब काठावर आणून सोडते, पण पाय थांबले नाहीत तर मध्याला पोचवतेच, आणि आली तशीच बाहेर घेऊन जाते. अडलेल्या बाईचं बोट धरून मनकर्णाबाई ते मध्यापासून बाहेर फिरवायची. पोटातल्या जिवाला वाट दाखवायची, असा त्याचा अर्थ. मग थाळीत पाणी ओतून ते पिवळं पाणी बाईला पाजायची.

पटकीच्या साथीत तिचा नवरा गेला, तीही जाणारच होती. मिशनच्या माणसांनी तिला उचलून नेलं, तोंडात पाणी घातलं. बरी झाल्यावर तिनं बाप्तिस्मा घेतला आणि मिशनच्या आवारातच राहू लागली. उपदेशक पुंजाराम यानं तिला शिकवलं, की आता गंडे, दोरे, उतारे, थाळ्या सगळं सोडायचं. तिनं शब्द दिला. शब्दाला ती पक्की होती.

तिची एकुलती एक लेक सत्यवती बडनेऱ्याला दिली होती. लेकीला दिवस गेले तेव्हा सासरच्यांनी सांगून टाकलं, बाटलेल्या घरी पहिलं बाळंतपण नको.

त्या साली अमेरिकेत लढाई पेटली होती आणि त्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. रस्त्याला गाड्यांची रांग तुटत नव्हती. अशाच एका गाडीवर बसून सत्यवतीचा दीर जानराव मिशनच्या फाटकाशी आला. काखेत फडक्यात बांधलेली थाळी.

"सत्यवती अडली हाय," तो म्हणाला. "घरात तुमाले घेता येत नाई, पन माय म्हन्ते हात तुमचाच पायजे. काढून द्या."

मनकर्णाबाईनं थाळी हातात घेतली. घरात हळद होती. तिनं थाळी परत जानरावाच्या हाती दिली.

"मी हे सोडलं बाप्पा. मी देवापाशी मागतो. तिले सांग, माय मागून राहिली."

जानराव रिकामी थाळी घेऊन गेला. त्याच्या मागोमाग ती पायी निघाली. सारी वाट प्रार्थना करत होती. बडनेऱ्याला पोचली तेव्हा घरातून बायांचं रडणं ऐकू येत होतं. लेक गेली होती आणि लेकीच्या पोटातलं तिथंच राहिलं होतं.

तेव्हापासून मनकर्णाबाई प्रार्थनेला यायची, मागच्या चटईवर बसायची, पण तिचे ओठ हलत नसत. लेकीचं सगळ्यांना ठाऊक होतं, थाळीचं कुणालाच नव्हतं. मिशनच्या पाद्रीसाहेबांनी दोनदा विचारलं, तिनं पदर नीट केला.

उत्तम शुक्रवार, म्हणजे प्रभू क्रूसावर गेला तो दिवस, जवळ आला तसे साहेब मिशनच्या अंगणात काठीनं काही आखू लागले. ते युरोपातल्या उत्तरेकडच्या समुद्रकाठचे. त्यांच्या गावी देवळामागं कोळ्यांनी दगडांची वळणावळणाची वाट मांडलेली होती. प्रभूच्या दुःखाची आठवण काढत लोक ती चालत, मध्याशी थांबत, मन मोकळं करत आणि परत येत. तसंच इथं करायचं, असं साहेब म्हणाले.

फाटकाशी गाड्या खोळंबल्या होत्या. एक गाडीवान दुसऱ्याला म्हणाला, "साह्यबाच्या देवाले सरळ रस्ता ठाऊक नाई वाटते." दोघं हसले.

मनकर्णाबाई टोपलीत दगड घेऊन उभी होती. साहेबांनी आधी मातीत एक क्रूस काढला. मग चार कोन. मग चार ठिपके. पुढची वळणं काढायच्या आधीच तिच्या हातून टोपली सुटली.

शुक्रवारी सगळी मंडळी एकामागं एक ती वाट चालून आली. मनकर्णाबाई तोंडाशीच उभी राहिली.

"काहून थांबल्या बाई?" पुंजारामनं विचारलं. "सोपी हाय. चुकत नाई माणूस."

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली.

सगळे गेल्यावर साहेब तिच्याजवळ आले. तेव्हा तिनं त्यांना थाळीचं सांगितलं. हळद, जानराव, बडनेरा, सगळं. रडली नाही. शेवटी तिनं विचारलं, "साह्यब, माह्या हातानं काढलं तं पाप, अन् तुमी काढलं तं प्रार्थना. हे कसं? त्या दिवशी मी तुमाले इचारलं असतं, तं तुमी काय म्हटलं असतं?"

साहेबांना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी टोपी काढली.

"नको, असंच म्हणालो असतो," ते म्हणाले. "थाळी परत पाठवा, असंच."

ती वाटेच्या तोंडाकडे वळली.

"मंग एकटी कायले जाऊ? तुमीबी चाला."

ती पुढं, साहेब मागं. ऊन तापलं होतं. काठाकाठानं, मग आत, मग पुन्हा काठाला. मध्याशी ती खाली बसली. साहेबही मातीत बसले.

"माह्याच्यानं होत नाई," ती म्हणाली. "तुमी म्हना. तिचं नाव घ्या."

साहेबांनी सत्यवतीचं नाव घेतलं. पुढचे मराठी शब्द त्यांना सापडेनात. थोडा वेळ अडखळले आणि मग आपल्याच भाषेत बोलू लागले, हळू, मधेच आवाज तुटत. त्यातलं मनकर्णाबाईला काही कळलं नाही. मधे मधे लेकीचं नाव तेवढं ऐकू यायचं. ते आलं की ती मान हलवायची, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत तिथून उठली नाही.