बावीस सेकंद

"एकतीस," ती म्हणाली आणि घड्याळाचं बटण दाबलं.

इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही, जायची गरजही नव्हती. किलोमीटरचा दगड मागे पडला की बटण दाबायचं आणि मांडीवरच्या तक्त्यात वेळ लिहायची, एवढंच तिचं काम. गाडी उतारावर होती. इंजिन चालवणाऱ्या तिच्या सासऱ्यांनी वाफ बंद केली होती. मागचे तीन डबे आपल्या वजनानं इंजिनाला पुढे ढकलत होते. डब्यांत माणसं नव्हती. चाचणी होती, म्हणून प्रत्येक बाकावर माणसाच्या वजनाची वाळूची पोती बसवली होती. पुढे पुलाआधीचं वळण होतं. तिथे ताशी वीसच्या वर जायचं नाही, हे तिनंच कागदावर लिहून दिलं होतं.

वेग वाढला. बसायची फळी थडथडू लागली. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या लंबूनं फावडं थांबवून वर पाहिलं.

"उस्ताद," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "उस्ताद, ब्रेक."

सासरे समोर बघत होते. डोळे उघडे, पाठ ताठ, हात ब्रेकच्या मुठीवर. फक्त ओठ हलत होते, काहीतरी चघळत असल्यासारखे. तिची नजर सवयीनं घड्याळावर गेली. काटा फिरत राहिला. लंबू फावडं टाकून पुढे झेपावला, त्याचा हात मुठीपर्यंत पोचला, आणि तेवढ्यात सासऱ्यांनी स्वतःच मूठ ओढली. चाकं करकरली, गाडी कशीबशी आवरली. वळण आलं आणि गेलं.

"तू इकडे काय करतोयस?" सासऱ्यांनी लंबूला विचारलं. "भट्टी कोण बघणार?"

बावीस सेकंद. तिनं ते तक्त्यात लिहिलं नाही. पण डोक्यात लिहिलं गेलं ते गेलंच.

रेल्वेच्या ऑफिसात ती सतरा वर्षं वेळापत्रकं करत होती. तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं, बाकी सगळे तिला वेळापत्रकवाल्या बाई म्हणत. डोंगरातली बंद पडलेली शाखा दर रविवारी पर्यटकांसाठी सुरू करायची, तीही जुन्या वाफेच्या इंजिनावर, असं वरून ठरलं तेव्हा प्रवासाची आखणी तिच्याच टेबलावर आली. ती हरखून गेली होती. आजवर मिनिटं वाचवायची तिची नोकरी; इथे ती खर्च करायची होती. खालचा ओढा दिसावा म्हणून पुलावर किती हळू जायचं. तळं डाव्या खिडकीतून दिसतं, मग उजव्या बाजूच्यांनी काय पाप केलंय, म्हणून परतीच्या वेळी जागांची अदलाबदल. बोगद्याआधी खिडक्या लावून घ्यायची सूचना कुठे द्यायची. इंजिनात पाणी कुठे भरायचं. वाळलेल्या गवतावर ठिणगी पडली तर झोडपून विझवायला माणसं कुठे उभी करायची. ती सुट्टीच्या दिवशीही रुळांच्या कडेनं चालत जायची आणि कुठल्या झाडामागून डोंगर एकदम समोर येतो ते वहीत टिपून आणायची.

इंजिन मिळालं, डबे रंगवून झाले, घोडं अडलं ते ड्रायव्हरवर.

"वाफेचं इंजिन चालवलेला माणूस आता आणायचा कुठून?" साहेबांनी बैठकीत विचारलं.

"आमच्या घरात आहे," ती म्हणाली होती.

सासरे एकाहत्तर वर्षांचे होते. सासूबाई गेल्यापासून चार वर्षं ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. जेव म्हटलं की जेवत, झोप म्हटलं की झोपत. डॉक्टरांनी डोळे तपासले, कान तपासले, छाती तपासली आणि पठ्ठ्या ठणठणीत आहे असा दाखला दिला. तेव्हापासून ते रोज दाढी करू लागले. शेडमध्ये जाऊन इंजिनाचं पितळ स्वतः घासू लागले, डिझेलवर वीस वर्षं काढलेल्या लंबूला हाताखाली घेऊन फावडं कसं धरायचं इथपासून शिकवू लागले. घरी आले की कोळशाचा वास यायचा, आणि भूक लागलीय म्हणून स्वतः सांगायचे.

चाचणीनंतर शेडच्या नळावर लंबू हात धूत होता.

"बाई, तुम्ही पाहिलंत," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"पाहिलं."

"मागच्या आठवड्यात इथेही एकदा झालं होतं. हातात तेलाचा डबा, आणि तसेच उभे. मला वाटलं विचारात आहेत."

"कुणाला बोललात?"

"नाही. बोलणारही नाही. माझ्या बापानं मला एवढं शिकवलं नाही, जेवढं त्यांनी चार महिन्यांत शिकवलं." त्यानं नळ बंद केला. "तुमच्या घरातला मामला आहे, बाई. तुम्ही म्हणाल तसं. येत्या रविवारी पहिल्या फेरीला मी त्यांच्या शेजारून हलणार नाही, मग तर झालं?"

"आणि भट्टी?"

लंबू हात पुसत राहिला.

संध्याकाळी नवरा गच्चीत वाळलेले कपडे काढत होता. तो शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायचा, शांत माणूस. तिनं सांगितलं ते त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली.

"बाबा काल अंघोळ करताना गुणगुणत होते," तो म्हणाला. "चार वर्षांत ऐकलंयस कधी?"

"नाही."

"मग एक रविवार जाऊ दे. एकच. पुढचं पुढे बघू."

"एकशे चव्वेचाळीस माणसं आहेत रे गाडीत."

"आणि मला बाप एकच आहे." त्यानं घडी घातली, ती वाकडी झाली, पुन्हा उलगडली. "तूच त्यांना त्या इंजिनावर चढवलंस. आता तूच खाली उतरवणार. तुला कसं जमतं हे?"

तिला जमत नव्हतं, पण ते त्याला कसं सांगावं हेही तिला जमलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती.

सकाळी स्वयंपाकघरात सासरे खुर्चीत बसून बुटांना पॉलिश करत होते. तिनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसली.

"बाबा, काल वळणाआधी तुम्हाला काय झालं होतं?"

"कुठे काय झालं? ब्रेक लावला की."

"उशिरा लावलात. लंबूनं दोनदा हाक मारली. तुम्हाला ऐकू आली नाही."

बुटावरचा ब्रश थांबला. "किती उशिरा?"

"बावीस सेकंद."

"वेग?"

"बत्तीसच्या आसपास."

त्यांचे ओठ हलले. ती घाबरून पुढे झुकली, पण ते हिशेब करत होते. "म्हणजे दोनशे मीटर," ते हळूच म्हणाले. उतारावर दोनशे मीटर म्हणजे काय, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. क्षणभर तिला वाटलं, ते आता स्वतःच कबूल करतील. मग तोच चेहरा दगडासारखा झाला.

"घड्याळ चुकलं असेल तुझं."

"बाबा, आपण आधी डॉक्टरांकडे जाऊ. तुम्हीच साहेबांना सांगितलंत तर कुणी..."

"खुर्चीत बसून वेळा लिहिणारी बाई तू. मला ब्रेक शिकवतेस?" त्यांनी बूट खाली ठेवला. "मी कुणाला काही सांगणार नाही. तुला सांगायचंय तर जा, सांग. पण मग मला बाबा म्हणायचं नाही."

चहा तसाच राहिला.

ऑफिसात साहेबांनी खोलीचं दार लावून घेतलं. त्यांच्या टेबलावर छापून आलेल्या माहितीपत्रकांचा गठ्ठा होता; पहिल्याच पानावर इंजिन, आणि त्याच्या दांडीला धरून उभे असलेले सासरे. तिकिटं संपली होती.

"बाई, नीट ऐका," साहेब म्हणाले. "तुम्ही लेखी दिलंत तर मला गाडी थांबवावीच लागेल. तोंडी सांगितलंत तर मी काही ऐकलं नाही असं समजेन. विचार करा आणि काय ते ठरवा."

ती आपल्या टेबलाशी आली. तीनच ओळींचं पत्र होतं. दिनांक, एकतीस ते बत्तीसमधला वेग, ब्रेक लावायला झालेला उशीर. ती बराच वेळ अडली एका शब्दावर. शेवटी तिनं 'चालक' असं लिहिलं आणि खाली सही केली.

गाडीची पहिली फेरी अडीच महिने पुढे ढकलली गेली. मोठ्या दवाखान्यात सासऱ्यांच्या डोक्याची तपासणी झाली. काही क्षण शुद्ध जाते, माणूस उभाच असतो, त्याचं त्यालाही कळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. सासरे गोळ्या वेळेवर घेत, पण मुलाच्या हातून. तिनं पुढे केलेला पेला ते टेबलावर ठेवायला लावत, हातानं नुसती खूण करून. तिच्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. नवरा बोलायचा, पण कामापुरतं: दूध आलं का, दार लावलंस का. घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला भांडी घासताना पुष्कळदा वाटायचं. तुझं चुकलं, असं तिला कुणी म्हणत नव्हतं, आणि बरोबर केलंस, असंही म्हणत नव्हतं.

वाफेच्या इंजिनाची परीक्षा आता लंबूला द्यायची होती. तो तीन संध्याकाळी घरी येऊन गेला. तिन्ही वेळा सासरे आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. तो बाहेरच्या खोलीत बसून पाणी प्यायचा, तिच्याकडे बघून कसनुसं हसायचा आणि निघून जायचा. चौथ्या संध्याकाळी तो पायात चपला घालत असताना आतून आवाज आला.

"उद्या सकाळी शेडमध्ये ये. आणि हात धुऊन येऊ नकोस, पुन्हा काळेच व्हायचेत."

त्यानंतर सासरे रोज शेडमध्ये जाऊ लागले. नवरा त्यांना सोडायचा आणि आणायचा.

"सगळं शिकवतात," लंबूनं तिला ऑफिसच्या जिन्यात गाठून सांगितलं. "पाणी कधी सोडायचं, चढावर चाकं घसरली तर वाळू किती टाकायची, सगळं. पण इंजिनाच्या पायरीवर पाय ठेवत नाहीत, बाई. खाली जमिनीवर उभे राहतात. मी म्हटलं, उस्ताद, वर या, तर म्हणतात, खालून सगळं ऐकू येतं."

ती तशीच वर आपल्या टेबलाकडे गेली आणि पाणी भरायच्या थांब्याची वेळ चार मिनिटांनी वाढवली. लंबू नवा होता, त्याला वेळ लागणार होता.

पहिल्या फेरीचं निमंत्रण घरी आलं. पुढच्या डब्यात, खिडकीजवळची जागा, सन्मानाचे पाहुणे म्हणून. सासऱ्यांनी चष्मा लावून कार्ड वाचलं आणि मुलाकडे परत दिलं.

"त्या रुळांवरून मी कधी बसून गेलो नाही," ते म्हणाले.

तो दिवस चांगला गेला, तिनं आखला होता तसा. आभाळ स्वच्छ होतं. तळ्याच्या काठावर लोकांनी फोटो काढले, परतीच्या वेळी कुरकुर न करता जागा बदलल्या. कपड्यांवर काजळी पडते म्हणून एका आजींनी तक्रार केली आणि मग त्याच आजी पुलावर सगळ्यांत पुढे वाकून बघत होत्या. ती पहिल्या डब्याच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून दगड मोजत होती. एकतीस गेला, बत्तीस आला, मधे दोन मिनिटं सेहेचाळीस सेकंद. पुढे इंजिनातून लंबूचं कोपर बाहेर आलेलं दिसत होतं. त्याच्याकडे बघत असतानाच तिच्या डोळ्यात काहीतरी गेलं.

घरी पोचेपर्यंत डोळा लाल झाला होता आणि पाणी थांबत नव्हतं. नवरा बाजारात गेला होता. सासरे खिडकीजवळच्या खुर्चीत होते. तिनं पिशवी ठेवली आणि तळहातानं डोळा चोळला.

"चोळू नकोस," ते म्हणाले.

ती जागच्या जागी थांबली.

"इकडे ये. उजेडात बस."

ती स्टूल ओढून खिडकीशी बसली. त्यांनी खिशातून धुतलेला रुमाल काढला, त्याच्या टोकाला पीळ घातला आणि ते टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं. डाव्या हातानं तिचं कपाळ मागे रेटलं, अंगठ्यानं पापणी उचलली.

"वर बघ."

ती वर बघत राहिली. रुमालाचं टोक जवळ येत होतं. हात मधेच थांबला तर, असं तिच्या मनात येऊन गेलं. ती हलली नाही. हात थांबला नाही, कापलाही नाही. ओला गारवा डोळ्याच्या कडेला टेकला आणि निघाला.

सासऱ्यांनी रुमाल उजेडात धरला. मोहरीच्या निम्म्याएवढा काळा कण होता. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत होते.

"कोळसा बारीक दिलाय," ते म्हणाले. "ठिणग्या फार उडतील."

"गवतावर माणसं ठेवली होती."

"हं."

आणखी काही बोलतील म्हणून ती बसून राहिली. बाहेरून मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता. सासऱ्यांनी तो कण आत ठेवून रुमालाची चौघडी घातली आणि खिशात टाकली.

"जा," ते खिडकीकडे वळत म्हणाले. "गार पाण्यानं डोळा धुऊन घे."