‘शीड’चे अठ्ठावन्न मालक

आधी माफी मागतो. मी छापखान्यातला शिशाचा खिळा बोलतोय. माझ्या डोक्यावर ‘ई’ हे अक्षर आहे. मला हात नाहीत, म्हणून माझं बोलणं देवू लिहून घेतोय. त्यानं सातवीतच शाळा सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द फार साधे वाटले, तर त्याला बोल लावू नका. खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात आणि त्याला तीच वाचायची सवय आहे. सुलटं लिहिताना तो जरा बिचकतो.

माझा जन्म मुंबईच्या एका ओतशाळेत झाला. वितळलेलं शिसं साच्यात पडलं आणि मी गरमागरम, चकचकीत असा बाहेर आलो. कागदाच्या पुडीत आम्ही चोवीस ‘ई’ बांधले गेलो आणि पालघरला आलो. ‘क’, ‘त’, ‘र’ यांची पोती येतात. आम्ही चोवीसच! लाकडी पेटीच्या कोपऱ्यातलं एक लहानसं घर आम्हाला मिळालं. ‘मुंबई’ आणि ‘महागाई’ सोडली तर आम्हाला फारसं कोणी बोलवत नसे.

छापखाना भिका मास्तरांचा. त्यांचं साप्ताहिक होतं ‘शीड’. चार पानं, त्यात भरती-ओहोटीच्या वेळा, बोंबलाचा भाव, एसटीच्या बदललेल्या फेऱ्या आणि गावोगावच्या तक्रारी. देवू तिथला जुळारी, म्हणजे खिळे जुळवून ओळी करणारा. डोंगराकडच्या पाड्यावरून आलेला, मानही वर न करणारा.

पालघरजवळच्या माहीम, एडवणच्या मासळीवाल्या बाजार आटोपला की रिकाम्या टोपल्या घेऊन छापखान्याच्या पायऱ्यांवर टेकायच्या. त्यांत ठमी पुढारी. “देवू, वाच रं काय छापलंस ते,” ती म्हणायची. देवू पेपर तोंडासमोर धरून वाचायचा. चेहरा दिसायचा नाही आणि आवाज जेमतेम यायचा.

“पेपर वाचतो का कागदाच्या कानात सांगतो?” ठमी म्हणायची. सगळ्या हसायच्या. पण दर आठवड्याला यायच्या.

गेल्या वर्षी मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. पेपर कोणाला तरी द्यावा असं त्यांच्या मनात आलं. तेव्हा बोईसरचे रामकिसन ठेकेदार आले. त्यांचे ट्रक चिंचणीत बोंबील वाळवायच्या जागेवर दगडमाती टाकतात, हे ‘शीड’नंच छापलं होतं.

“मास्तर, पेपर मी घेतो. नवी मशीन देतो, वर्षभर जाहिराती देतो,” ते म्हणाले. “फक्त माझं नाव कुठं यायला नको. मालक तुम्हीच.”

मास्तरांनी चष्मा काढला. “तसं चालत नाही. दर मार्चच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापावं लागतं. ज्याचा वाटा शंभरात एकाहून जास्त, त्याचं नाव त्यात आलंच पाहिजे. कायदा आहे तो.”

“असले कायदे कोण वाचतो?”

“देवू वाचतो, आमी ऐकतो!” पायरीवरून ठमी ओरडली. “लपून मालक व्हायला ही काय दारूची भट्टी हाय? त्यापरीस आमीच घेतो पेपर.”

ठेकेदार पोट धरून हसले. दिवाळीपर्यंत मात्र बायकांनी सहकारी संस्था उभी केली आणि पेपर घेतला. मासळीवाल्या आल्या, तारापूरच्या वसाहतीतली गोजराबाई तिच्या मैत्रिणींना घेऊन आली, चिंधू आणि सुका असे काही बाप्येही आले. अठ्ठावन्न सभासद, सगळ्यांचा वाटा सारखा, म्हणजे प्रत्येकाचा शंभरात एकाहून जास्तच.

ठेकेदार पुन्हा दारात आले. “छापा आता मार्चात. एक जरी नाव गळलं तर वर अर्ज करतो. बंदच पाडतो तुमचं शीड.”

मार्च आला. शुक्रवारी अंक टपालात पडायचा होता. गुरुवारी सकाळी मास्तरांनी हातानं लिहिलेली यादी देवूच्या पुढ्यात ठेवली. देवू भरभर जुळवत गेला. मैनाबाई, साखरबाई, सोजराबाई, गोजराबाई... आणि त्याचं बोट आमच्या घरात गेलं ते रिकाम्या लाकडाला लागलं. चोवीस ‘ई’ संपले होते. बायका होत्या सेहेचाळीस.

“उरलेल्यांची नुसती नावं घालू,” मास्तर म्हणाले. “ठमी, लाडकी. बाई नको.”

“का नको?” ठमी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “जल्मात पयल्यांदा नाव छापून येतंय, ते बोडकं छापता? आणि त्या गोजरीला बाई, मला नाय?”

“अहो, मी काय तुमची बाई चोरली का?” गोजराबाई म्हणाली.

देवू काहीतरी पुटपुटला. कोणाला ऐकू गेलं नाही. कान लाल करून त्यानं ते पुन्हा सांगितलं, “दोनदा छापू. आधी अर्धी नावं. मग खिळे सोडवून उरलेली जुळवू, त्याच कागदावर खाली छापू.”

“सहाशे कागद दोनदा?” मास्तर म्हणाले. “मशीन पायानं चालते. तुझे पाय राहतील का?”

“मालकांना पाय नाय काय?” असं म्हणत ठमीनं लुगडं खोचलं.

त्या दिवशीची मजा काय सांगू! मालकिणी पाळीपाळीनं मशीनचा पायटा मारत होत्या आणि देवू कागद लावत होता. लाडकीनं इतका जोर केला की तीन कागद त्यानं तिरके लावले. “सावकाश, मालकीणबाई,” तो म्हणाला. देवूनं केलेला तो पहिला विनोद! सकाळी मी गोजराबाईच्या नावात होतो. दुपारी रॉकेलनं धुऊन मला ठमीबाईच्या नावात बसवलं. दोघींच्या भांडणाचा शेवट असा माझ्या डोक्यावर झाला.

खालचा अर्धा भाग जुळवताना देवू यादीच्या टोकाला आला आणि त्याचा हात थांबला. अठ्ठावन्नावं नाव होतं ‘देवू जिव्या, जुळारी’.

“माझा वाटा कोणी भरला?” त्यानं विचारलं.

“इतकी वर्सं वाचून दाखवलंस, ते काय फुकट?” ठमी पायट्यावर पाय ठेवून म्हणाली. “जुळव लवकर.”

आता माझी धार झिजली आहे. पुन्हा भट्टीत जायचे दिवस लांब नाहीत. वाचकहो, एवढंच मागतो. पेपर हाती आला की शेवटच्या पानाचा तळही वाचत जा. आपल्याशी बोलतोय तो कोणाचा आहे, हे तिथं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

त्या गुरुवारी देवूनं मला पेटीत न टाकता सदऱ्याच्या खिशात ठेवलं, म्हणून पुढचं मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंक टपालात टाकले आणि एक घेऊन तो मासळीबाजारात गेला. ओट्यावर चढला. पेपर तोंडासमोर न धरता छातीशी धरला आणि सत्तावन्न नावं मोठ्यानं वाचली. अठ्ठावन्नावं आलं तसा त्याचा आवाज बसला.

“ऐकू नाय आलं!” ठमी ओरडली.

देवूनं मान वर केली, आणि आपलं नाव पुन्हा वाचलं.