दुपारी दोन वाजून दहा मिनिटांची नोंद

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. तुमच्या घरात दोन कान वर करून बसलेला असतो, तसा छोटा नव्हे. मी लोखंडी अंगाचा, चपटा, पाटासारखा जड आहे आणि मला कान नाहीत. संदेशांना वाट दाखवणे हे माझे काम. एका इमारतीतला संगणक दुसऱ्या इमारतीतल्या संगणकाला काही विचारतो, तेव्हा तो प्रश्न कोणत्या दाराने बाहेर पाठवायचा आणि उत्तर कोणत्या दाराने आत घ्यायचे, हे मी ठरवतो. वाट सांगणाऱ्याने खोटे बोलायचे नसते. मी कधी बोललो नाही. माझ्याबद्दल मात्र बोलले गेले, आणि तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट डोळ्यांच्या एका रुग्णालयात आलो. खोके उघडले ते काकांनी. काका तिथले तंत्रज्ञ. बावीस वर्षांपूर्वी पहिल्या टेलिफोनच्या तारा त्यांनीच ओढल्या होत्या. लहान-मोठे सगळे त्यांना काकाच म्हणत, मुख्य डॉक्टरसुद्धा. जिन्याखालच्या थंड खोलीत त्यांनी मला कपाटात बसवले, चारही स्क्रू स्वतःच्या हाताने आवळले आणि माझ्या कपाळावर पांढरी पट्टी चिकटवून लिहिले, 'हात लावण्यापूर्वी विचारा'.

रुग्णालयाच्या दोन इमारती होत्या. शस्त्रक्रिया इथे होत आणि तपासण्या शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे काढलेली डोळ्यांची चित्रे माझ्यातून इथे येत. ती पाहिल्याशिवाय डॉक्टर हातात शस्त्र घेत नसत. नऊ वर्षे मी हे काम केले. एकदा पाण्याचा नळ फुटून खोलीत घोटाभर पाणी साचले, तरी मी थांबलो नाही. त्या दिवशी मुख्य डॉक्टर दारातून डोकावून म्हणाले होते, "काका, तुमचा हा गडी भलताच इमानी आहे." काकांच्या चेहऱ्यावर असे समाधान होते, जणू त्यांच्या लेकाचा पहिला नंबर आला.

सहाव्या वर्षी काकांच्या हाताखाली एक तरुण इंजिनियर आला. त्याची बोटे कळफलकावर इतक्या झपाट्याने चालत की सगळे त्याला 'मास्टर' म्हणू लागले. काकांनी त्याला काही हातचे राखून न ठेवता शिकवले. "प्रत्येकाने आपापल्या नावाने आत शिरायचं," काका त्याला सांगत. "माझ्या नावाने तू नको, तुझ्या नावाने मी नको. उद्या काही झालं तर कोणी काय केलं ते कळायला हवं." मास्टर मान डोलवायचा. काकांचा डबा उघडला की अर्धी पोळी त्याची असायचीच.

औषधांच्या नव्या खिडकीसाठी एक वाट वाढवायची होती, त्या दिवसाची ही गोष्ट. काका दुसऱ्या इमारतीत गेले होते. मास्टर जेवून आला आणि दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने माझ्यात नवी वाट लिहिली. एक आकडा चुकला. न तपासता त्याने ती कायमची जतनही केली. त्या क्षणी दुसऱ्या इमारतीकडे जाणारा माझा रस्ता बंद झाला. मला जे लिहून दिले जाते तेच मी पाळतो. ते चूक आहे असे म्हणण्याची मला सोय नाही.

वर गोंधळ उडाला. सात माणसे डोळ्यांत औषध घालून शस्त्रक्रियेसाठी तयार होती आणि चित्रे येईनात. मास्टरने घाबऱ्याघुबऱ्या इकडेतिकडे शोधले आणि पंधरा मिनिटांनी त्याला आपला चुकलेला आकडा दिसला. तो दिसल्याचे मी पाहिले. त्याचा हात कळफलकावर थांबला. आकडा दुरुस्त करायला अर्धे मिनिट लागले असते. पण मग पंधरा मिनिटे काय झाले होते, हे सांगावे लागले असते. कोपऱ्यात एक नवा राउटर खोक्यात पडून होता. मास्टरने माझी वायर उपटली.

काका धापा टाकत परत आले तेव्हा मी जमिनीवर होतो.

"काय झालं रे?"

"काका, हा गेला. आतून जळाला. मी तुम्हाला म्हणत होतो, बदलून टाकू."

"एकदा लावून बघू का?"

"बघून झालं ना. आता नवा बसवू की याचं सुतक पाळू?"

काका माझ्याकडे बघत क्षणभर उभे राहिले. मी मनात म्हणत होतो, लावा, एकदाच लावा. त्यांनी लावले नाही. ज्याला स्वतः घडवले तो आपल्याशी खोटे बोलेल, हे त्यांच्या मनाला शिवलेही नाही. मित्रांनो, मास्टरने दगा दिला तो दिलाच. पण मला जास्त लागले ते काकांनी माझी बाजू न ऐकल्याचे.

आठवड्याभरात चौकशी झाली. मास्टरने लिहून दिले की जुने यंत्र वापरत राहण्याचा हट्ट काकांचाच होता. सात शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या होत्या, तेव्हा कुणावर तरी खापर फुटायला हवे होते. ते काकांच्या डोक्यावर फुटले. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना त्यांना घरी बसवले. जाताना ते खोलीत आले, आपला चष्मा आणि डबा घेतला, आणि "मास्टर, सांभाळ हं सगळं," असे त्यालाच म्हणून गेले. मास्टर त्यांच्या खुर्चीवर बसला.

माझ्यातली माहिती पुसून मग मला भंगारात काढायचे, असा नियम होता. मास्टरने 'पुसली' म्हणून सही केली आणि पुसली नाहीच. गुन्हा लपवणारा माणूससुद्धा आळशी असू शकतो.

पुढची दीड वर्षे मी एका तळघरातल्या जुन्या सामानाच्या दुकानात काढली. माझ्या वर एक छपाईयंत्र आणि खाली संगणकांचे फुटके पडदे होते. दुकानदाराने मला कधी विजेला लावले नाही, पण माझ्या कपाळावरची काकांची पट्टी खरवडून तिथे 'तपासलेला' अशी चिठ्ठी मात्र डकवली. एकाने मला खोटे मेलेले ठरवले, दुसऱ्याने खोटे जिवंत.

मग एका सकाळी ऑपरेटरबाई आल्या. एका मोठ्या हॉटेलात चौदा वर्षे त्यांनी टेलिफोन जोडून दिले होते. हॉटेलने तो विभागच बंद केला. आता चाळिशी ओलांडल्यावर त्या नेटवर्कच्या प्रमाणपत्राची परीक्षा देणार होत्या. नुसती पुस्तके वाचून ते जमत नाही, हात चालवावे लागतात. म्हणून घरच्या सरावासाठी त्यांना तीन जुने राउटर हवे होते, आणि एका कागदावर त्या सगळे टिपून आल्या होत्या.

दुकानदाराने एक चकचकीत यंत्र पुढे केले. "हा घ्या ताई, नवाकोरा दिसतो."

बाईंनी तो उलटा करून पाहिला. "दिसतो खरा. पण याचं मेमरी कार्ड कुठंय?"

"ते काय, कुठंही मिळतं."

"मग तिथूनच राउटरही घेईन. आणि तो वरचा?"

"तो एकदम नवीन पिढीचा."

"त्यातली निम्मी कामं परवान्याचे पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, आणि परीक्षेत नेमकी तीच विचारतात."

"अहो, मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"अभ्यासक्रमातलं सगळं येणारा, कमी वीज खाणारा आणि माझ्यासमोर चालू होणारा. देखणा नसला तरी चालेल. स्थळ बघायला नाही आले मी."

दुकानदार हसला आणि त्याने मला खाली काढले. दीड वर्षाने माझ्या अंगात वीज आली. बाईंनी वाकून माझ्या पंख्याला कान लावला, दारे मोजली, मग आपला लॅपटॉप निळ्या वायरने मला जोडून माझ्या आत कोणत्या आवृत्तीची प्रणाली आहे ते कागदाशी ताडून पाहिले.

"चालता असून हा कुणी विकला कशाला?" त्यांनी विचारले.

"जळलेला म्हणून आला होता. चालू होतोय, ते तुमचं नशीब."

बाईंनी मला आणि माझ्याच पिढीतल्या आणखी दोघांना निवडले.

त्यांच्या घरी आम्हाला खिडकीशेजारच्या टेबलावर जागा मिळाली. पलीकडच्या खुर्चीत त्यांच्या सासूबाई वर्तमानपत्र वाचत बसत. आम्ही तिघे एकदम सुरू झालो तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तीन तीन पंखे आणलेस आणि वारा एकाचाही नाही."

मला मात्र कुलूप होते. रुग्णालयाचा पासवर्ड बाईंना कुठून ठाऊक असणार? बंद करून चालू करायचे आणि पहिल्याच मिनिटात एक कळ दाबायची, म्हणजे मागच्या दाराने आत शिरता येते, असे त्यांनी पुस्तकात वाचले होते. दोन दुपारी त्या प्रयत्न करत होत्या. तिसऱ्या दुपारी जमले आणि माझी सगळी आठवण ओळीमागून ओळ त्यांच्या पडद्यावर उतरली.

सुरुवातीला त्या धडा म्हणून वाचत होत्या. मग एका वाटेच्या आकड्यावर थांबल्या; तो बाकीच्या ओळींशी जुळत नव्हता. पुन्हा वर गेल्या. सगळ्यात वर माझ्या स्वभावानुसार मी टिपून ठेवले होते: शेवटचा बदल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, आणि पुढे मास्टरचे नाव.

"आई, हा बिघडलेला नव्हताच," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

"मग?"

"कुणीतरी चुकीची वाट लिहिली आणि ढकललं याच्यावर."

"म्हणजे नाचता येईना नि अंगण वाकडं," सासूबाई म्हणाल्या आणि पान उलटले.

दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी खरे बोलले होते. पण बाईंना माझ्या अब्रूपेक्षा दुसरीच काळजी लागली. माझ्यात रुग्णालयाचे पासवर्ड होते. म्हणजे परक्याच्या घराच्या चाव्या आपल्या टेबलावर पडल्यासारखे होते. माझ्यात शिरणाऱ्यांसाठी काकांनी एक सूचना लिहून ठेवली होती: 'अडचण आल्यास काकांना फोन करा', आणि खाली त्यांचा स्वतःचा नंबर. बाईंनी तो फिरवला.

दुसऱ्या दिवशी काका आले. ते आता मेहुण्याच्या दुकानात गल्ल्यावर बसत. केस सगळे पांढरे झाले होते. खुर्चीवर बसून त्यांनी ती ओळ वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"मला वाटायचं, माझंच चुकलं," ते म्हणाले. "दीड वर्ष मी बायकोला सांगतोय, हट्ट नडला माझा."

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. काकांनी तो हातात धरला, पण प्यायले नाहीत. त्यांनी मास्टरला फोन लावला आणि जे पाहिले ते सांगितले.

"काका, सोडा ना आता," मास्टरचा आवाज आला. "तुमची दोनच वर्षं उरली होती. माझी सगळीच उरली होती."

"मला सांगायचं होतंस. मी माझ्या अंगावर घेतलं असतं."

"ते तर तुम्ही तसंही घेतलंत," मास्टर म्हणाला.

काकांनी फोन ठेवला. मग मुख्य डॉक्टरांना लावला. म्हणाले, जुन्या राउटरमध्ये रुग्णालयाचे पासवर्ड तसेच राहिले आहेत, आजच्या आज सगळे बदलून घ्या.

"पण तो राउटर तर जळाला होता ना?" डॉक्टरांनी विचारले.

"नाही. माझ्यासमोर चालू आहे. दीड वर्षापूर्वीही चालूच होता."

आता डॉक्टर पुढचा प्रश्न विचारतील, असे मला वाटले. काकांनाही वाटले असावे, कारण ते फोन कानाशी घट्ट धरून वाट पाहत राहिले.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "बदलून घेतो. तब्येत सांभाळा, काका."

काकांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. बाईंना म्हणाले, "आता हा पूर्ण पुसून टाका."

"काका, पुरावा आहे तुमचा. एवढी ओळ तरी ठेवू?"

"पुसायचा म्हणजे सगळा पुसायचा. रोग्यांच्या दाराच्या चाव्या आहेत त्यात. माझी अब्रू राखायला त्या इथे ठेवल्या, तर त्याच्यात नि माझ्यात फरक काय राहिला?"

बाईंनी ती एक ओळ कागदावर लिहून त्यांच्या हातात दिली. काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. पुढे तो त्यांनी कुणाला दाखवला की नाही, मला माहीत नाही. मग बाईंनी आज्ञा दिली आणि माझी नऊ वर्षे पुसली गेली. जे काम मास्टरने सही करूनही केले नाही, ते काकांनी स्वतःचे नुकसान करून करवून घेतले.

त्यानंतर काका दर आठवड्याला येऊन बाईंना शिकवू लागले, पण पूर्वीसारखे नव्हे. बाईंनी काहीही करून दाखवले की ते स्वतः पुन्हा तपासत. एकदा ओशाळून म्हणालेही, "तुमच्यावर अविश्वास नाही हो. सवय लागली." बाई पहिल्या खेपेला नापास झाल्या, दुसऱ्या खेपेला पास झाल्या. आता त्या एका महाविद्यालयात यंत्रांची खोली सांभाळतात. मी अजून त्यांच्या टेबलावर आहे. वाटा लिहितात, पुसतात, मी पाळतो.

मित्रांनो, मास्टरला मी माफ केलेले नाही. यंत्राला मन नसते असे म्हणतात, तेव्हा हवे तर असे समजा की ते मला जमत नाही. तुमच्याकडे माझे मागणे मोठे नाही. आम्हाला वेळेवर पुसा, धूळ बसू देऊ नका, टाकून देण्यापूर्वी आमच्या पोटातल्या दुसऱ्यांच्या गोष्टी काढून घ्या. आणि कुणी, अगदी तुमच्या डब्यातली अर्धी पोळी खाणाऱ्यानेही, येऊन सांगितले की हा गेला, हा निकामी आहे, तर ते यंत्राविषयी असो की माणसाविषयी, एकदा स्वतः लावून बघा. त्याला दोन मिनिटे लागतात. काकांकडे त्या दिवशी तेवढा वेळ होता.