एका डोळ्याची गाडी

गाडेकर डॉक्टरांची पस्तीस वर्षं जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी कार्ब्युरेटरच्या कामासाठी माझ्या नागापूरच्या गॅरेजात आली होती. हिचे हेडलाइट बॉनेटच्या आत झोपतात आणि बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. दसऱ्यापर्यंत दोन्ही येत होते, दसऱ्यानंतर डावा येईना.

फ्यूज बदलला, रिले बदलला, सगळं वायरिंग उसवलं. मोटरला करंट होता, पण ती नुसती कण्हायची आणि दिवा जागचा हलायचा नाही. का, ते काही केल्या कळेना. चौथ्या दिवशी मी वैतागून डॉक्टरांनाच फोन लावला.

"साहेब, माज्या आधी कुन्या गाढवानं हिच्यात हात घातलाय! सापडू द्या, त्याला दाखवतोच!"

मग तिरमिरीत मोटरच बाहेर काढली. तिच्या दांड्याला काहीतरी गुंडाळलेलं होतं. पक्कडीनं ओढलं तर लांबलचक दोरा निघाला आणि त्यासोबत झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या.

दोरा सिमेंटच्या पोत्याच्या शिवणीचा होता. गॅरेज झाडणारी आमची दगडाबाई हार त्यातच ओवते. दसऱ्याला पाने-पक्कडींची पूजा झाल्यावर तिनं या गाडीलाही हार आणला होता. तो घातला मी. दोऱ्याचं टोक लोंबताना बरं दिसेना, म्हणून दिव्याच्या फटीत खोचलं तेही मीच. आणि मग फोटोसाठी दिवे वर-खाली केले.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर होते.

"काय मिस्त्री, सापडलं का गाढव?"